नोंदणीतून सूट आणि ‘ऑफ-हायवे’ वाहने सार्वजनिक रस्त्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक्टरची ट्रॉली, खडी क्रशरवरचा डंपर, कारखान्यातला फोर्कलिफ्ट, रिसॉर्टची एटीव्ही (खडबडीत जागेसाठीची चारचाकी क्वाड बाइक) आणि मुलासाठी घेतलेली लहान डर्ट बाइक ही पाचही वाहने ‘आमच्या आवारापुरती’ म्हणून घेतली जातात आणि पुढे कधीतरी रस्त्यावर दिसतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या आधारे पुढील उत्तरे लिहिली आहेत. ती महाराष्ट्रातील वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून दिली असली, तरी हा कायदा देशभर लागू आहे.

कोणती वाहने नोंदणीच्या बंधनातून मुळातच बाहेर आहेत?

नोंदणीचे बंधन ‘मोटार वाहना’वर आहे. त्यामुळे सूट शोधायची असेल तर ती आधी कलम २(२८) मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत शोधावी लागते. यांत्रिक शक्तीने चालणारे आणि रस्त्यावर वापरण्याजोगे असलेले कोणतेही वाहन म्हणजे मोटार वाहन, अशी ही रुंद व्याख्या आहे. तिने तीनच प्रकार स्पष्टपणे वगळले आहेत. पहिला, रुळांवर धावणारी वाहने. दुसरा, फक्त कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच बनवलेली विशेष प्रकारची वाहने. तिसरा, चारपेक्षा कमी चाके असलेली आणि ज्यांच्या इंजिनाची क्षमता २५ सीसीपेक्षा अधिक नाही अशी वाहने. नेरळ–माथेरानची छोटी गाडी डोंगरातली वळणे घेत शंभराहून अधिक वर्षे धावत असली, तरी तिला आरटीओची पाटी कधी लागली नाही, कारण ती पहिल्या प्रकारात मोडते.

या तिन्ही अपवादांत ‘मी ते फार कमी वापरतो’ किंवा ‘ते जुने झाले आहे’ असे कोठेही म्हटलेले नाही. बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे. सूट यंत्राच्या घडणीला मिळते, मालकाच्या हेतूला मिळत नाही.

माझे वाहन खासगी जागेतून बाहेर पडतच नाही. मग नोंदणी कशासाठी?

कलम ३९ ची शब्दरचना पाहावी. नोंदणी नसलेले मोटार वाहन ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ चालवू नये आणि मालकाने ते चालवू देऊ नये, असे हे कलम सांगते. ‘अन्य कोणत्याही ठिकाणी’ हे तीन शब्द अनेकांच्या नजरेतून सुटतात. याचा अर्थ असा की, साधी मोटार किंवा मोटारसायकल स्वतःच्या शेतात फिरवली, एवढ्याने तिची नोंदणी अनावश्यक होत नाही. खासगी जागेचा मुद्दा खरोखर उपयोगी पडतो तो दुसऱ्या अपवादासाठी, आणि तेथे जागा बंदिस्त असणे पुरेसे नसते, तर यंत्रही मुळातच अशा जागेपुरते बनवलेले असावे लागते.

‘फक्त बंदिस्त आवारासाठी बनवलेले’ हे ठरवते कोण?

या प्रश्नावर खाणमालक आणि राज्य सरकारे यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. ‘बोलानी ओर्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ओरिसातील लोहखनिजाच्या खाणीतील डंपर आणि रॉकर यांचा विचार केला. ही यंत्रे नोंदणीयोग्य आहेत, परंतु केवळ मालकाच्या आवारात काम करतात तोवर त्यांच्यावर त्या राज्याचा वाहनकर लागत नाही, असा त्या निकालाचा सारांश आहे. पुढे १९९२ मध्ये ‘सेंट्रल कोलफिल्ड्स’ प्रकरणात न्यायालयाने अशा डंपरांना रस्त्यावर चालण्याजोगी मोटार वाहनेच मानले. रबरी टायरांवर धावणारे यंत्र आकाराने प्रचंड असले, तरी तेवढ्यावरून ते व्याख्येबाहेर जात नाही.

व्यवहारात कागदपत्रांवरून हा प्रश्न सुटतो. निर्मात्याने यंत्राला रस्त्यासाठी टाइप अप्रूव्हल (चाचणी संस्थेकडून त्या मॉडेलला मिळणारी मान्यता) घेतले आहे का, विक्रेत्याने फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र) आणि फॉर्म २२ (रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे निर्मात्याचे प्रमाणपत्र) दिले आहेत का, हे पाहावे. दिले असतील तर ते यंत्र केवळ आवारासाठी आहे, असे म्हणणे अवघड जाते. दिले नसतील तर ते आवाराबाहेर काढता येत नाही. यातला मधला मार्ग मला तरी आजवर सापडलेला नाही.

एमआयडीसीत आमचे दोन गाळे समोरासमोर आहेत. फोर्कलिफ्ट मधला रस्ता ओलांडतो, तेवढे चालेल ना?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्याला आवडत नाही. कलम २(३४) प्रमाणे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेला कोणताही रस्ता, गल्ली, वाट किंवा जागा हे ‘सार्वजनिक ठिकाण’ आहे, मग ती वाट पुढे कोठे निघत असो वा नसो. औद्योगिक वसाहतीतला अंतर्गत रस्ता यात सहज बसतो. तेथून कामगार, टेम्पो, चहावाला, शाळेची बस असे सगळेच जातात. किती मीटर ओलांडले म्हणजे गुन्हा होतो, असे मोजमाप कायद्याने दिलेले नाही, त्यामुळे वीस फुटांचा रस्ता आणि वीस किलोमीटरचा रस्ता यांत या मुद्द्यावर फरक उरत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक तर रस्त्यासाठी मान्यता असलेला फोर्कलिफ्ट घेऊन त्याची नोंदणी करावी. बांधकाम उपकरण वाहनांच्या व्याख्येत फोर्कलिफ्टचे नाव स्पष्टपणे आलेले आहे. नाहीतर माल नोंदणीकृत टेम्पोत भरून पलीकडे न्यावा आणि दोन्ही बाजूंना आपापला फोर्कलिफ्ट ठेवावा. दुसरा उपाय खर्चिक वाटतो, पण अपघातानंतर तसा वाटत नाही.

करातून सूट मिळाली म्हणजे नोंदणीतूनही सूट मिळाली का?

नाही. नोंदणी केंद्रीय कायद्याने होते, तर वाहनकर राज्याच्या कायद्याने आकारला जातो. दोहोंची परीक्षा वेगळी असते. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच चालणाऱ्या वाहनांवर त्या काळापुरता आंध्र प्रदेशाचा वाहनकर लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, कारण त्या राज्याच्या कायद्यात कर ‘सार्वजनिक ठिकाणी’ वापराशी जोडलेला आहे. हा निकाल कराविषयी होता. ‘कोर्टाने सांगितले आहे, आता पासिंगची गरज नाही’ असा अर्थ त्यातून काढणे चुकीचे आहे.

असाच घोळ विद्युत वाहनांबाबत होतो. नोंदणीचे शुल्क माफ करणारी केंद्राची अधिसूचना २०२१ मध्ये निघाली. माफ झाले ते शुल्क, नोंदणी नव्हे. हिरवी पाटी त्या वाहनांनाही लावावीच लागते.

जेसीबी आणि पोकलेन यांचे नियम सारखेच आहेत का?

आपल्याकडे बॅकहो लोडर कोणत्याही कंपनीचा असो, त्याला जेसीबी म्हणतात, आणि साखळीवर चालणाऱ्या कोणत्याही एक्स्कॅव्हेटरला पोकलेन म्हणतात. नोंदणीच्या दृष्टीने मात्र यांच्यातला फरक चाकांचा आहे. केंद्रीय नियमांतील ‘बांधकाम उपकरण वाहन’ या व्याख्येत रबरी टायरांवर, रबरी पॅडवर किंवा पोलादी ड्रमवर स्वतःच्या शक्तीने चालणारे लोडर, बॅकहो, रोलर, डंपर, मोटर ग्रेडर, फिरती क्रेन, फोर्कलिफ्ट, स्वतः माल भरून घेणारा काँक्रीट मिक्सर इत्यादी येतात. ही यंत्रे खाण, पाटबंधारे किंवा बांधकामाच्या कामासाठी बनलेली असली, तरी रस्त्यावर चालण्याची क्षमता त्यांना दिलेली असते.

या व्याख्येचे स्पष्टीकरण नीट वाचण्यासारखे आहे. असे वाहन बिगर-परिवहन वाहन मानले जाते, रस्त्यावरून त्याचे जाणे हे मुख्य कामाच्या अनुषंगाने, थोड्या वेळापुरते आणि ताशी ५० किलोमीटरपेक्षा अधिक नसलेल्या वेगाने असावे लागते. म्हणजे एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जेसीबी चालवत नेणे कायद्याला मान्य आहे, मात्र त्यासाठी नोंदणी, विमा आणि योग्य परवाना असलेला चालक हवा. त्याच स्पष्टीकरणाने कारखाना, खाण किंवा बंदिस्त आवार यांपुरतीच बनवलेली आणि स्वतःच्या शक्तीने सार्वजनिक रस्त्यावर जाण्याची सोय नसलेली यंत्रे वगळली आहेत. साखळीवरच्या पोकलेनने रस्त्यावर चालत जायचेच नसते. डांबर उखडते हा त्यातला लहान मुद्दा. ते लोबेड (म्हणजे बुटक्या सपाट) ट्रेलरवर चढवून न्यावे लागते.

शेतीच्या ट्रॅक्टरला नोंदणी लागते का? शेतकऱ्याला सगळे माफ असते असे ऐकले आहे.

लागते. शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन मोटार वाहन आहे. केवळ शेतीच्या कामासाठी बनवलेल्या आणि शेतातच वापरल्या जाणाऱ्या वाहनांना महाराष्ट्रात वाहनकर माफ आहे, आणि ‘सगळे माफ’ हा समज त्यातूनच पसरला असावा. पाटी, आरसी आणि विमा यांतून कोणी सुटलेले नाही. चालकाच्या परवान्याबाबत एक सोय मात्र आहे. रिकाम्या अवस्थेत ७,५०० किलोग्रॅमपर्यंत वजन असलेला ट्रॅक्टर किंवा रोड रोलर हा ‘हलके मोटार वाहन’ या वर्गात येतो, त्यामुळे मोटारीचा परवाना असलेल्याला तो चालवता येतो.

ट्रॉलीला वेगळा नंबर कशाला? ती तर स्वतः चालतच नाही.

ती स्वतः चालत नाही, हे खरे आहे. पण कलम २(२८) ने ‘मोटार वाहन’ या शब्दात ट्रेलरचा स्पष्ट समावेश केला आहे, आणि मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी बनवलेले वाहन म्हणजे ट्रेलर. त्यामुळे गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात अँगल आणि पत्रा जोडून बनवलेली ट्रॉलीही कायद्याच्या नजरेत मोटार वाहन आहे आणि तिची स्वतंत्र नोंदणी आवश्यक ठरते. गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे जोडलेल्या बिननंबरी ट्रॉल्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या रस्त्यांवर रात्री ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा नियम का आहे हे समजावून सांगावे लागत नाही. पाठीमागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि उसाचे वाढे बाहेर आलेले.

बैलाने ओढली जाणारी टायरगाडी हे मोटार वाहन नाही. तीच टायरगाडी ट्रॅक्टरला जोडली, की ती ट्रेलरच्या व्याख्येत येते. नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र अशी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचललेली औजारे ट्रॉलीच्या पंगतीत बसत नाहीत, कारण ती माल वाहणारी गाडी नसून ट्रॅक्टरचे औजार असतात. तरीही ती रस्त्यावरून नेताना रुंदीचे भान ठेवणे चालकाचे काम आहे.

मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वऱ्हाडात ट्रॉलीतून माणसे नेण्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर ‘नेऊ नयेत’ एवढेच आहे.

एटीव्ही आणि डर्ट बाइक भारतात उघडपणे विकल्या जातात. मग त्या रस्त्यावर का चालत नाहीत?

विक्रीला बंदी नाही, रस्त्यावरच्या वापराला मान्यता नाही. क्वाड बाइक आणि मोटोक्रॉसच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या मोटारसायकली बहुधा टाइप अप्रूव्हल न घेताच विकल्या जातात. त्यांना आरसे, दिशादर्शक दिवे किंवा रस्त्याचे टायर नसतात, आणि उत्सर्जनाची चाचणी रस्त्यावरच्या वाहनांच्या निकषांनुसार झालेली नसते. विक्रेत्याच्या बिलावर ‘केवळ ऑफ-रोड वापरासाठी’ अशी ओळ असते. ती ओळ विक्रेत्याच्या बचावासाठी असते, ग्राहकाच्या नव्हे.

पुढे आरसे आणि इंडिकेटर बसवून अशी गाडी पासिंग करून घेता येईल का, असे पुष्कळजण विचारतात. नाही. मान्यता एकेका गाडीला नव्हे, तर त्या मॉडेलला मिळते. नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थांकडून ती निर्मात्याने किंवा आयातदाराने मिळवायची असते. पुण्यातील एआरएआय आणि अहिल्यानगरजवळची व्हीआरडीई या अशाच संस्था आहेत. ज्याला डोंगरातही जायचे आहे आणि घरून गाडी चालवतच जायचे आहे, त्याने रस्त्यासाठी मान्यता असलेली अॅडव्हेंचर मोटारसायकल घ्यावी. स्पर्धेची गाडी टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यावी.

समुद्रकिनारा हा रस्ता नाही. तेथे एटीव्ही चालवली तर?

‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येत रस्त्याबरोबरच लोकांना जाण्याचा हक्क असलेली ‘अन्य जागा’ही येते. अलिबाग, नागाव, काशीद येथील किनारे, नदीपात्र, गावचे गायरान, घाटातली पायवाट या सर्व जागा त्यात बसू शकतात. त्यामुळे ‘डांबर नाही म्हणजे रस्ता नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. शिवाय किनाऱ्याला किनारपट्टी नियमनाचे निर्बंध लागतात, आणि गोव्यात किनाऱ्यावर वाहन घालण्यास वेगळी बंदी आहे. कोकणात वेळाससारख्या गावी ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. तेथे चाकांचा प्रश्न आरटीओपुरता उरत नाही.

रिसॉर्टने स्वतःच्या कुंपणाच्या आत ट्रॅक करून एटीव्ही चालवली, तर ती दुसऱ्या अपवादाच्या जवळ जाते. फाटकाबाहेर आणून पर्यटकांना वाळूवर फिरवली, की तो आधार संपतो.

मुलासाठी घेतलेली ४९ सीसीची छोटी गाडी खेळणेच आहे ना?

दिसायला खेळणे आहे. पण २५ सीसीची मर्यादा ओलांडल्याने तिसऱ्या अपवादाचा लाभ तिला मिळत नाही. चार चाकांची छोटी क्वाड असेल तर इंजिन २५ सीसीहून लहान असले तरी तो अपवाद लागू होत नाही, कारण त्याची दुसरी अट चारपेक्षा कमी चाकांची आहे. एकेकाळी घरोघरी असलेली लुना ५० सीसीची होती आणि तिलाही नंबर होता, हे जुन्या वाचकांना आठवेल.

सोसायटीच्या गेटबाहेर अल्पवयीन मुलाने अशी गाडी चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ पालकावर लागू शकते. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड आहे, तसेच त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

कोणत्या इलेक्ट्रिक दुचाकीला नोंदणी लागत नाही?

मोटरची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा (म्हणजे २५० वॉटपेक्षा) कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून दिलेले, अशा दुचाकीला मोटार वाहन मानले जात नाही. पायडल मारल्यावर मदत करणाऱ्या सायकलींनाही अशाच अटींवर सूट आहे. यातली तिसरी अट लोक विसरतात. दुकानदाराने ‘आरटीओची गरज नाही’ असे तोंडी सांगणे पुरेसे नाही, चाचणीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. वेगाची मर्यादा काढून टाकून देणारे मेकॅनिक सर्वत्र भेटतात. ती काढली, की गाडी त्याच क्षणी बिननोंदणीचे मोटार वाहन होते. ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांना ही सूट नाही.

लष्कराच्या आणि जुन्या ऐतिहासिक गाड्यांचे काय?

संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या वाहनांची नोंदणी कलम ६० प्रमाणे वेगळ्या प्राधिकरणाकडे होते. बाणाची खूण असलेल्या त्यांच्या पाट्या सर्वांनी पाहिलेल्या असतात. लिलावात अशी जीप विकत घेतली, की ही व्यवस्था संपते आणि नव्या मालकाला आरटीओत जावे लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम आले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि त्या प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात. रोज ऑफिसला जाण्यासाठी नव्हे.

घरी बनवलेली गाडी, म्हणजे जुगाड, कायद्यात कोठे बसते?

पंपाचे इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून बनवलेल्या उत्तरेकडील ‘जुगाड’ गाड्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जुगाड हे मोटार वाहनच आहे आणि त्यालाही नोंदणी, विमा वगैरे अटी लागू होतात, असे न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. व्यवहारात अशा गाडीला टाइप अप्रूव्हल नसल्याने नोंदणी मिळत नाही, म्हणजे ती रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणी झालेल्या जीपमध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करण्याला कलम ५२ अटकाव करते. ऑफ-रोडिंगची हौस असणाऱ्यांनी मोठे टायर आणि उंच सस्पेन्शन बसवण्यापूर्वी हे कलम वाचावे.

विनानोंदणी वाहन पकडले गेले तर काय होते?

कलम १९२ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. पुढच्या गुन्ह्यांना ५,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही. चालवणारा आणि चालवू देणारा असे दोघेही जबाबदार असतात, आणि कलम २०७ खाली वाहन अडकवून ठेवता येते.

पण दंड हा त्यातला स्वस्त भाग आहे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या वाहनाला अपघात झाला, तेव्हा विमा कंपनी भरपाई देण्यास बांधील नाही, असा निकाल ‘नरिंदर सिंग’ प्रकरणात २०१४ मध्ये लागला. सार्वजनिक रस्त्यावर नोंदणीविना वाहन वापरणे हा विमा कराराचा मूलभूत भंग मानला गेला. तशीच मुदत संपलेली गाडी परगावी उभी असताना चोरीला गेली, त्या प्रकरणातही २०२१ मध्ये दावा फेटाळला गेला. दोन्ही मालकांकडे पॉलिसी होती आणि हप्ता भरलेला होता.

पुरात माणसे बाहेर काढण्यासाठी बिननंबरी ट्रॅक्टर वापरला तरी दंड होईल का?

कायद्यात माणुसकीची ही एक जागा राखलेली आहे. आजारी किंवा जखमी व्यक्तींना नेण्यासाठी, तसेच संकटग्रस्तांना अन्न, साहित्य किंवा औषधे पोहोचवण्यासाठी आणीबाणीत वाहन वापरले, तर कलम १९२ लागू होत नाही. मात्र त्याची माहिती सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला द्यावी लागते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टरांनी केलेले काम पाहिलेल्यांना या तरतुदीचे मोल कळेल. ही सात दिवसांची अट मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून ग्रामपंचायतीने अशा वापराची वाहननिहाय यादी करून एकत्रित कळवणे सोयीचे पडते.

मग नोंदणी नसलेले यंत्र एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे कसे?

दुसऱ्या नोंदणीकृत वाहनावर माल म्हणून लादून. लोबेडवर चढवलेला पोकलेन, टेम्पोत बांधलेली डर्ट बाइक किंवा ट्रकमधला फोर्कलिफ्ट हा त्या क्षणी वाहन नसून माल असतो. त्याची स्वतःची चाके रस्त्याला लागता कामा नयेत. दोर लावून मागे ओढत नेणे हा पर्याय नाही, कारण ट्रॅक्टरने ओढलेली वस्तू ट्रेलर ठरू शकते आणि प्रश्न पुन्हा जिथल्या तिथे येतो. लादताना वाहकाची वजनमर्यादा, मालाची रुंदी-उंची आणि साखळ्यांची पकड पाहावी. यंत्राचे बिल व मालकीचे कागद चालकाजवळ द्यावेत, आणि उतरवण्याची जागा फाटकाच्या आत निवडावी. रस्त्याच्या कडेला उतरवून ‘आता इथून दहा पावले चालवतच नेऊ’ असे म्हणणाऱ्यांचेच चलन बहुतेक वेळा फाटते.